बाण जरा जड हवा

मॉरिसव्हिल, २६ जुलै २००६

गुरुदत्त,

पार्सल मिळालं. ‘प्रिय’ लिहायचं राहिलेलं नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. उगाच शोधत बसू नकोस.

कागदावर का लिहितेय ते आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल बाई नाटक करतेय. ईमेल केली की तू ती वकिलाकडे फॉरवर्ड करतोस. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. आणि घरच्या कॉम्प्युटरवर मी काहीही टाइप केलं की ते कादंबरी वाचते. हे पोरीने वाचायचं नाहीये. म्हणून तिकीट चिकटवून फ्रिस्कोच्या तुझ्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर पाठवतेय. तो पत्ता आता मला पाठ झालाय.

तर बाण. खोका उघडला आणि पोरगी स्वयंपाकघरात नाचली. मागच्या वर्षी तू नोकरी बदलून गेलास त्यानंतर तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. ते तुझ्यामुळे झालं हे लिहिताना पोटात दुखतंय, तेही लिहून टाकते. काळ्या काड्या, केशरी पिसं, प्रत्येकावर बारीक अक्षरात ‘कादू’. काड्या तू स्वतः कापल्यास, पिसं स्वतः चिकटवलीस, हे बघताक्षणी कळतं. सुंदर आहेत. आणि हलके आहेत. फारच हलके.

दुसऱ्या दिवशी एक बाण मी लॅबमध्ये नेला आणि औषधाच्या पावडरी मोजायच्या तराजूवर ठेवला. पात्यासकट तीनशे चाळीस ग्रेन. ग्रेन हे माप तूच मला शिकवलंस, गुंजेच्या निम्म्याएवढं, आणि मी तेव्हा म्हटलं होतं की तू सोनार व्हायचास. तुझे स्वतःचे बाण पाचशेच्या वर असायचे. मग लेकीला हे असे का?

का ते खोक्यातल्या तुझ्या एक्सेलच्या प्रिंटवरून कळलं. तिचं धनुष्य कमी जोराचं, म्हणून तू बाणाचं वजन उतरवून वेग भरून काढलास. वेग जास्त, म्हणून बाण सरळ जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतो. शिवाय ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग आहे. वर्ग दिसला की तुम्हा इंजिनिअर लोकांना दुसरं काही दिसत नाही. अरे, हे सगळं निशाणाच्या फळीसाठी खरं आहे. फळीला बरगड्या नसतात. लाकडी धनुष्य, त्याला चाकं नाहीत की कप्प्या नाहीत, आणि तिच्या हातात कायद्याला जेमतेम चालेल एवढा जोर. त्यातून सुटलेला हलका बाण खांद्याच्या हाडाला लागला तर तिथेच अडकेल. हरीण बाण घेऊन पळेल आणि कुठल्यातरी ओढ्याकाठी दोन दिवस मरत राहील. जड बाण हळू जातो, लवकर खाली येतो, म्हणून हरणाच्या अगदी जवळ जावं लागतं. पण लागला की आरपार जातो. हे मला शिकवणारा माणूस तूच. घरात कधी अंडं न आणलेल्या पुणेरी घरातला मुलगा शिकारीवर भाषण देतोय म्हणून तेव्हा मी हसले होते, पण ऐकलं होतं.

एवढंच कर. तिला फोन कर आणि सांग की बाण हलके झाले, जड पाठवतो. तू सांग. मी सांगू शकत नाही. डिसेंबरमध्ये तिला ठरवायचंय, इथे राहायचं की तुझ्याकडे यायचं. आपण दोघांनीच तसं कबूल केलंय. तोपर्यंत मी तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला तर ती तो लक्षात ठेवणार. आणि पहिल्याच शिकारीत तिच्या हातून जनावर अर्धमेलं होऊन पळालं, तर तेही ती लक्षात ठेवणार, जन्मभर. पंधरा वर्षांची झालीस की पहिल्या सीझनला मी नेणार, हे तू तिला दिलेलं वचन. तू नाहीस म्हणून शेजारी आता मी बसणार आहे. तिच्याबरोबर शिकारीच्या सुरक्षेचा कोर्ससुद्धा केला मी. वर्गात दाढी नसलेली माणसं आम्ही दोघीच होतो.

फोन कर.

नीला


मॉरिसव्हिल, १९ ऑगस्ट २००६

गुरुदत्त,

तू रविवारी फोन केलास. मी भाजी चिरत होते आणि कान तिकडेच होते. तू तिला विचारलंस, “कसे जातात बाण?” ती म्हणाली, “सुपर फास्ट, बाबा!” आणि तू खूश झालास. वजनाबद्दल चकार शब्द नाही. माझं पत्र पोचलं नाही, की पोचून न उघडता कचऱ्यात गेलं, कोण जाणे. तरी लिहितेय. आता मला सवय लागलीये.

मी क्लबच्या रेंजवर करून पाहिलं. तिचंच धनुष्य, एक तुझा नवा बाण आणि एक तू गॅरेजमध्ये सोडून गेलेल्या जुन्या लाकडी बाणांतला. जाड फोमच्या ठोकळ्यावर दिवाणखान्यातला जुना गालिचा दुमडून बांधला. नवा बाण जेमतेम वीतभर आत गेला. जुना पिसांपर्यंत आत आणि टोक मागून बाहेर. आणि आवाज! हलका बाण सुटला की धनुष्य रिकाम्या पातेल्यासारखं वाजतं. बाणाने जो जोर घेतला नाही तो धनुष्यातच राहतो आणि ते ओरडतं. जड बाणाला नुसता एक धप्प. हरणाचे कान तुला माहीत आहेत. तो आवाज ऐकून ते बाण पोचायच्या आत खाली बसतं, आणि मग फुप्फुसावर धरलेला बाण मणक्यात जातो.

रागावर ताबा ठेवून, अगदी मऊ आवाजात मी तिला म्हटलं, “कादंबरी, हे बाण थोडे हलके आहेत का ग?”

तिने काय केलं सांगू? टेबलावरून उठली. “यू जस्ट वाँट हिम टू बी राँग,” म्हणाली. “तुला फक्त तो चुकलेला हवाय.” आणि खोलीचं दार आपटलं. दाराच्या आतून परत, “ही मेड देम फॉर मी!”

आता मी काय करायचं ते सांग. तू तिकडे आरामात. इथे मला दोन्हीकडून मार. तिला खरं सांगितलं तर मी खलनायिका, नाही सांगितलं तर हरणाचं रक्त तिच्या डोळ्यांसमोर. तुझा मला इतका राग आलाय की हे पेन दुसऱ्यांदा कागदात घुसलंय.

एक विचारायचं राहिलं. ती दोरी ओढते तेव्हा तिचा हात गालापाशी येत नाही, त्याच्या थोडा आधीच थांबतो. मी विचारलं तर म्हणते, “बाबाने असंच शिकवलंय.” खरं का हे? मला आठवतंय त्याप्रमाणे तू बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकवायला सांगायचास. असो. तिचा दंड अजून भरायचाय, म्हणून असेल.

नीला


मॉरिसव्हिल, ५ सप्टेंबर २००६

गुरुदत्त,

गणपती झाले. मंडळात सगळ्यांनी तुझी चौकशी केली आणि सगळ्यांना मी ‘कामात आहे’ म्हणून सांगितलं. नंदाकाकूंनी माझा हात जरा जास्तच वेळ दाबून धरला.

आता जे लिहितेय ते नीट वाच, वाचत असशील तर.

मी तुझे बाण जड केलेत. तिला न सांगता.

शनिवारी ती मैत्रिणीकडे गेली होती. दुकानातून गवत छाटायच्या यंत्राची नायलॉनची दोरी आणली, हिरवी, जाडीतली जाड. बाणाच्या शेपटीला धनुष्याच्या दोरीत अडकवायची प्लॅस्टिकची टोपी असते ना, ती पक्कड घेऊन हळूच फिरवली की निघते. पोकळ काडीत ती हिरवी दोरी सरकवली, मापाने कापली, टोपी परत बसवली. पुढच्या टोकातही पितळेचा तुकडा भरला. प्रत्येक बाण आता साडेचारशेच्या वर आहे, एकमेकांत दोन ग्रेनचाही फरक नाही, लॅबच्या तराजूची शपथ. बाहेरून काही कळत नाही. तीच केशरी पिसं, तेच तुझ्या अक्षरातलं ‘कादू’.

चांगलं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. तिचा बाबा तिच्यासाठी जसा आहे तसा राहिला, आणि बाण हवे तसे झाले. हाच एक मार्ग होता असं मी स्वतःला सांगते. तिने कधी विचारलंच, तर तू म्हण की मीच आईला सांगितलं होतं घालायला. एवढं माझ्यासाठी कर. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी कर.

पण त्यातून एक नवीनच निघालंय. जड झाल्यामुळे बाण आता खाली लागतात. तिला कारण माहीत नाही. तिला वाटतं आपलाच जोर कमी पडतोय. काल संध्याकाळी रेंजवरून परत येताना गाडीत रडली, खिडकीकडे तोंड करून, मला दिसू नये म्हणून. आज सकाळी खोलीत पुश-अप्स काढत होती. “आय हॅव टू पुल हार्डर,” म्हणते. मी पोळ्या लाटत होते. पुढची पोळी तव्यावर टाकली. होईल सवय आठवड्याभरात, असं मनाशी म्हटलं. निशाण थोडं वर धरायला शिकेल.

शनिवारी सीझन उघडतोय. चॅथम काउंटीत तुला ज्या म्हाताऱ्याने जागा दिली होती, त्यानेच आम्हालाही परवानगी दिलीये. तुझी आठवण काढत होता.

नीला


मॉरिसव्हिल, १७ सप्टेंबर २००६

गुरुदत्त,

काल गेलो होतो. हरीण मिळालं नाही. आज रविवार, इथे शिकारीला बंदीच असते, त्यामुळे घरीच आहोत.

कादंबरीचं बोट जरा कापलंय. घाबरण्यासारखं काही नाही. आज तुझा फोन येईल तेव्हा ती कदाचित बोलणार नाही, झोपलेली असेल. वाईट वाटून घेऊ नकोस.

हवा छान आहे.

नीला


मॉरिसव्हिल, २० सप्टेंबर २००६

गुरुदत्त,

‘हवा छान आहे’ असं मी लिहिलं. एकोणीस वर्षांत मी तुला हवेबद्दल कधी काही लिहिलंय का? तुला तेव्हाच कळायला हवं होतं.

बोट जरा कापलेलं नाही. डाव्या हाताची तर्जनी, मधल्या पेराशी, हाडापर्यंत. बोट वर उचलणारा टेंडन तुटला होता. सोमवारी ऑपरेशन झालं. बोटाला पट्टी लावून सरळ बांधलंय, काही आठवडे वाकवायचं नाही. सर्जन म्हणते बहुतेक पूर्ण सरळ होईल. ‘बहुतेक’ हा शब्द मी तिला तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा तिने तोच दिला.

तिने मला गाडीतच शपथ घातली होती, “बाबाला सांगू नको.” म्हणून ते पत्र तसं. ती शपथ मी मोडतेय, कारण का नको ते कळल्यावर तुला न सांगणं मला जमत नाही.

शनिवारी दुपारनंतर आम्ही पडलेल्या सीडरच्या खोडामागे बसलो होतो. ओकची फळं पडतात ती जागा, तुला माहीत आहे. ऊन तिरकं झालं तेव्हा एक मादी आली. एकटी, जपून पावलं टाकत. इतकी जवळ की तिच्या नाकावरची ओल दिसत होती. कादंबरीने धनुष्य उचललं. इतकं सावकाश की मलाही हालचाल जाणवली नाही. दोरी ओढली. हात नेहमीसारखा गालाच्या अलीकडे थांबला. मादी आडवी उभी होती, खाली मान घालून खात होती. याच्याहून चांगली संधी तुलासुद्धा कधी मिळाली नसेल.

आणि मग तिने आणखी ओढलं. गेले दोन आठवडे बाण खाली लागत होते ना, म्हणून. तिचा हात गालाला टेकला, ओठाच्या कोपऱ्याला, अगदी तुझ्यासारखा. आणि मी काय विचार केला सांगू? मी मनात म्हटलं, वा, आज बरोब्बर ओढलं.

टिक असा आवाज आला. मुठीवर बाण टेकायची जी बैठक असते तिच्या मागे बाणाचं टोक आलं होतं. बाण खाली घसरला आणि पातं तिच्या मुठीवर पडलं. दोरी ताणलेलीच होती. तिने सोडली असती तर बाण तिच्या हातातून आरपार गेला असता. साडेचारशे ग्रेनचा, मी मोजून केलेला.

ती ओरडली नाही. बोटातून रक्त धनुष्यावरून खाली गळत होतं, आणि तिने दोरी इंचाइंचाने परत नेली, कारण मादी अजून तिथेच होती. ती घाबरू नये म्हणून. ती खात राहिली, मग तिच्या मनाने निघून गेली. तेव्हा कुठे कादंबरी माझ्याकडे वळली आणि कुजबुजली, “आई, आय थिंक आय डिड समथिंग बॅड.”

मी ओढणीने हात बांधला. गाडी कशी चालवली मला आठवत नाही. ती मागे डोळे मिटून पडली होती, हात वर धरून. मी विचारलं, “बाण मागे कसा आला ग? आत्तापर्यंत कधी नाही आला!” ती म्हणाली, “ते छोटे आहेत, आई. आले त्या दिवसापासून छोटे आहेत.”

गुरुदत्त, बाण छोटे आहेत. तू तिच्या हाताचं माप घेतलंस ते जाण्याआधी, तेव्हा ती माझ्या कानाएवढी होती. आता फ्रिजवरचा डबा मला तीच काढून देते. तुझ्या बाणांना पुरावं म्हणून ती रोज हात गालाच्या अलीकडे थांबवत होती. मी विचारलं, “मग बोलली का नाहीस?” तर म्हणाली, “बाबाला वाईट वाटलं असतं. ही थिंक्स आय अॅम स्टिल दॅट टॉल.”

तुला कळू नये की तुझ्या पाठीमागे ती वाढली, म्हणून ती पोर हात आखडून नेम धरत होती. आणि मी, जिच्या डोळ्यांसमोर ती वाढली, मला फक्त वजन दिसत होतं, कारण भांडण वजनाचं होतं. बाणाची लांबी मी एकदाही मोजली नाही. तराजूवर दोन ग्रेनचा फरक चालत नव्हता मला! स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. तुझी येतेच, पण तिची सवय आहे.

आणखी एक. काल तिने तो बाण गाडीतून आणला. हातातून पडताना झाडाच्या मुळावर आपटून त्याची शेपटीची टोपी फुटली होती आणि आतून हिरवी दोरी बाहेर आली होती. तिने ती ओढून काढली, सगळी, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. “हे काय आहे? हे कोणी घातलं?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

तिने दुसरे बाण उघडले नाहीत. दोरी गुंडाळून खोलीत घेऊन गेली. तेव्हापासून माझ्याशी हो-नाही एवढंच बोलते. मी उद्या सांगेन. कालही मी उद्याच म्हटलं होतं.

नीला


मॉरिसव्हिल, २ ऑक्टोबर २००६, दसरा

गुरुदत्त,

शनिवारी तू फोन केलास. ती एका हाताने सीरियल खात होती म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला होता. मी सिंकपाशी होते. तू म्हणालास, “कादू, ऐक. बाणातली ती दोरी मीच आईला घालायला सांगितली होती. बाण मी हलके केले, छोटे केले, आणि मग तुला न सांगता जड करायला लावले. चूक माझी आहे. आईवर रागावू नकोस.”

माझ्या हातातून बशी पडली. फुटली नाही, कोरेल आहे.

म्हणजे तू वाचतोस. पहिल्यापासून सगळी वाचलीस. माझा संताप, माझ्या पोटातलं दुखणं, कागदात घुसलेलं पेन. आणि एका ओळीचं उत्तर नाही. मला हसू आलं की रडू, ते मलाच कळलं नाही. नळ मोठा सोडून उभी राहिले.

खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं गप्प बसावं. फुकट मिळत होतं. दोष तू घेतलास, पोरगी माझ्याकडे बघून हलकंसं हसलीसुद्धा, किती दिवसांनी! डिसेंबर दोन महिन्यांवर आलाय. मीच तुझ्याकडे मागितलं होतं हे, आणि तू दिलंस.

पण ती बांधलेलं बोट उभं धरून सीरियल खात होती. आपण दोघांनी तिच्या नकळत, तिच्याच भल्यासाठी, जे जे केलं ते त्या बोटात होतं. नळ बंद केला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, “बाबा खोटं बोलला. त्याने मला काही सांगितलं नव्हतं. दोरी मी माझ्या मनाने घातली. तुला विचारलं तर तू बाबाची बाजू घेशील म्हणून विचारलं नाही. आणि तू विचारलंस तेव्हा माहीत नाही म्हणाले, तेही खोटं.”

ती चमचा हातात धरून बसली. मला वाटलं, संपलं. गेली ही फ्रिस्कोला. आत्ताच्या आत्ता बॅग भरणार.

मग म्हणाली, “वेट. मी तर बाबाला दोरीचं सांगितलंच नाही. त्याला कसं कळलं?”

“मी लिहिलं होतं.”

“ईमेल?”

“पत्रं. कागदावर. जुलैपासून लिहितेय.”

“अँड ही रीड्स देम?”

“वाचतो असं दिसतंय.”

“मग उत्तर काय देतो?”

“काही नाही.”

तिने चमचा खाली ठेवला. “तू त्याला माझ्या बाणांबद्दल लिहिते. तो माझ्यासाठी खोटं बोलतो, म्हणजे तुझ्यासाठी. यू टू टॉक टू ईच अदर अबाउट मी ऑल द टाइम, आणि मला कोणी विचारतच नाही! मला कुणी विचारलं का, हाऊ डझ इट फील? इट वॉज माय हँड!” आणि मग रडली. मोठ्याने, अगदी लहानपणी रडायची तशी. मी जवळ घेतलं. पहिल्यांदा ढकललं तिने मला, मग राहू दिलं.

हे शनिवारचं. काल दिवसभर तिला राग नव्हता. आज सकाळी मी देवापुढे पाट मांडला. घरी शस्त्रं म्हणजे माझी विळी आणि तुझा ड्रिल, एवढीच पूजा व्हायची आपली. ती खोलीतून धनुष्य घेऊन आली. रक्ताचे डाग तिने पुसले होते, पण लाकडात एक राहिलाय. तिने स्वतः त्याला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, बाणही आण. म्हणाली, “नको. ते माझे नाहीत, ते छोट्या कादूचे आहेत. दे आर नाइस. ते भिंतीवर लावू.”

मग तिने माझ्या शिवणाच्या डब्यातून लाल लोकर काढली आणि भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिली. “माप, आई.” मी एका हाताच्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत, छातीवरून, लोकर धरली. बांधलेल्या बोटाशी लोकर जपून टेकवली. ती हलली नाही. किती उंच झालीये रे! मला मान वर करून बघावं लागलं.

ती लोकर या पाकिटात आहे. अडीचने भागलं की ती किती ओढते ते निघतं, तुला येतं ते. सोबत रेडबडची दोन पानंही आहेत. आपटा इथे कुठून मिळणार, पण ही पिवळी झाली की सोन्यासारखीच दिसतात. तीच अंगणातून निवडून घेऊन आली. एक तुझं आहे. दुसरंही तुझंच, ते मी घातलंय.

तिचा निरोप असा आहे, तिच्याच शब्दांत लिहितेय. “बाबाला सांग, तिकडून कापून पाठवू नको. इथे येऊन काप.” डॉक्टर म्हणतात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती धनुष्य धरेल. डिसेंबरचं मी घाबरत घाबरत विचारलं. ती म्हणाली, “आई, फ्रिस्कोमध्ये झाडं कुठे आहेत?” एवढंच. मी पुढे विचारलं नाही. तू विचारशील तेव्हा तिचं खरं कारण तुला सांगेल, मला खात्री आहे, कारण आता तिने सांगायचं ठरवलंय.

ये. यायचं असेल तर कळवू नकोस, नुसता ये. मोजायची टेप इथे आहे, तराजूही मी लॅबमधून आणेन. बाण जरा जड हवा, यावर मी अजून ठाम आहे. किती जड, ते मात्र मी सांगणार नाही आणि तूही ठरवून येऊ नकोस. आपण तिला विचारू.

नीला